ओळ क्रमांक ६४१

मंगळवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी, हडपसरच्या तुझ्या कार्यालयात, चौथ्या मजल्यावर, बैठक सुरू असताना तू खुर्चीतून खाली कोसळलीस. बारा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी तुला मृत घोषित केले. कारण : मेंदूतील रक्तस्राव. वय : एकोणपन्नास.

एवढे पक्के आहे. बाकीचे मी अजून तपासतो आहे.

प्राचीचा फोन बारा वाजून नऊ मिनिटांनी आला. तुझ्या टीममधली सगळ्यांत लहान मुलगी, जी तुला 'मॅम' म्हणायची आणि तुझ्या डब्यातली चटणी न विचारता घ्यायची. ती म्हणाली, "सर, मॅम गेल्या."

मी विचारले, "कन्फर्म आहे?"

ती म्हणाली, "सर?"

"कोण सांगतंय? डॉक्टर स्वतः, की तुमच्यापैकी कुणी?"

"सर, मी इथेच उभी आहे. मॅमच्या शेजारी."

"एकाच डॉक्टरने पाहिलं की दोघांनी?"

सत्तावीस वर्षे मराठी दैनिकाच्या डेस्कवर बसलेल्या माणसाने बायकोच्या मृत्यूची बातमी अशी घेतली. तू ऐकत असतीस तर म्हणाली असतीस, "किती कॉलमी देतोस, तेही सांगून टाक तिला." प्राचीची मी नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "नाही सर, मॅम सांगायच्या तुमचं. दोन सूत्रं असल्याशिवाय तुम्ही पावसावरसुद्धा विश्वास ठेवत नाही."

सुजाता, तुझ्याविषयीची बातमी मी लिहिलेली नाही. आमच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याने लिहिली, चार ओळींची. त्यात 'दुःखद' हा शब्द होता. निधन सुखद असते का, असे मी गेली कित्येक वर्षे डेस्कवर विचारत आलो आहे आणि तो शब्द कापत आलो आहे. बुधवारी सकाळी छापून आलेला तो शब्द मी पाहिला. लाल पेन हातात होते. खूण केली नाही.

*

तू नीट पोहोचली होतीस. हे मला सांगायचे आहे, कारण पहिल्या तासात ज्या ज्या माणसाचा फोन आला त्याने आधी स्कूटरबद्दल विचारले. कर्वेनगर ते हडपसर, रोजचा रस्ता, लोकांना तेच वाटणार. मी गुरुवारी स्कूटर आणायला गेलो. ती तळघरातल्या पार्किंगमध्ये मेन स्टँडवर उभी होती, दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये. हेल्मेट डिकीत. हेल्मेटमध्ये हातमोजे, हातमोज्यांवर स्कार्फ, चार घड्यांचा. सुरक्षारक्षक म्हणाला, "मॅडम नऊ-पाचला आल्या. माझ्या पोरीची दहावीची चौकशी केली." म्हणजे दहा पन्नासपर्यंत काही झालेले नव्हते.

फक्त डोके दुखत होते. रविवारी तू मला म्हणाली होतीस, "डोकं ठणकतंय रे." मी म्हणालो होतो, "पडद्याकडे कमी बघ." तू आईलाही फोनवर सांगितले होतेस. हे मला मंगळवारी संध्याकाळी कळले, जेव्हा तुझी आई कोल्हापूरहून आली. तिला कुणी धरून आणले नव्हते. ती स्वतः तीन जिने चढली, तुझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "मी आलो गं. तू कुठं चाललीस?"

तुला खाली नेताना ती दारातून उचलणाऱ्यांना म्हणाली, "सावकाश न्या रं. डोकं दुखतंय तिचं."

*

'मी आलो.' या क्रियापदावरूनच आपली ओळख झाली होती. मी हे एकदाही कुठे लिहिलेले नाही; तू प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचीस आणि दर वेळी माझा एक अपराध वाढवायचीस. तपशील असा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी शहराभोवती परदेशी कारखाने उभे राहत होते, सॉफ्टवेअरवाल्यांची काचेची कार्यालये येत होती आणि रोज एक पत्रकार परिषद असे. त्या दिवशी आमचा वार्ताहर रजेवर, म्हणून डेस्कवरून मला पाठवले. कोरियन साहेब बोलत होते आणि शेजारी उभी राहून एक सडपातळ, सावळी बाई त्यांचे मराठी करत होती. इंग्रजी नव्हे, थेट मराठी. कोरियन तू कारखान्यातल्या एका साहेबांच्या बायकोकडून शिकली होतीस, तिला भाजी घ्यायला मंडईत नेण्याच्या बदल्यात.

परिषद संपली. तू फायली गोळा केल्यास आणि सगळ्यांना म्हणालीस, "चला, येतो."

मी म्हणालो, "येते."

"कोण?"

"तुम्ही. स्त्रीलिंग आहे ना."

तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलेस. "मी कोल्हापूरची. आमच्याकडं बायका 'येतो' म्हणतात. आणि म्हटलं की येतात पण. तुमच्या पुण्यात 'येते' म्हणून गेलेल्या परत येतात का, ते एकदा छापा."

पुण्यात राहून तुझी भाषा बदलली. कार्यालयात, बँकेत, सोसायटीच्या सभेत तू 'येते, जाते, करते' म्हणायचीस, माझ्यापेक्षा शुद्ध. 'येतो' फक्त दोन प्रसंगी उरले होते. फार रागात असलीस की, किंवा फार खुशीत असलीस की. कोणता प्रसंग आहे हे तोंडाकडे पाहूनच कळायचे.

मंगळवारी मी तोंडाकडे पाहिले नाही.

*

आपल्या घरात गेले आठ महिने जे चालू होते ते इथे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कुणाला कळणार नाही.

तुझ्या कंपनीकडे एका कोरियन प्रेममालिकेच्या मराठी उपशीर्षकांचे काम आले होते. सोळा भाग. पडद्याखाली जे मराठी शब्द उमटतात ते तू लिहायचे. इतकी वर्षे तू संगणकाच्या सूचनांचे भाषांतर केले होतेस. 'फाईल जतन करावी काय?' 'पुन्हा प्रयत्न करा.' हे काम मिळाले तेव्हा तू स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "मोहन, शेवटी माणसं बोलणार."

गोष्ट साधी. समुद्रकाठच्या गावातली बाई. नवरा मासेमारीला जातो, एक दिवस येत नाही. ती त्याचे बूट दारातून हलवत नाही. पंधरा भाग हलवत नाही. सासू सांगते, शेजारीण सांगते, नव्याने गावात आलेला एक शांत मास्तर काही न सांगता तिच्यावर जीव लावतो. शेवटच्या भागात ती बूट उचलते.

तू मजकूर लिहायचीस आणि सकाळी चहाबरोबर मला द्यायचीस. मी लाल पेन घेऊन बसायचो. मी मालिका पाहिली नाही. तू विनवलेस, "एक भाग बघ. एकच. अर्धा." मी म्हणालो, "मी मजकूर बघतो, चित्र बघत नाही." डेस्कवर ही शिस्तच असते, छायाचित्र चांगले आहे म्हणून बातमीतली चूक सोडता येत नाही. आठ महिने मी त्या दोघांच्या प्रेमातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि ती दिसते कशी हे मला ठाऊक नव्हते.

भांडणे मात्र खरी झाली. त्या बाईच्या लग्नाआधीच्या आठवणींचा एक प्रसंग होता. त्यांच्याकडे मुलगी प्रियकराला जे म्हणते त्याचा शब्दशः अर्थ थोरला भाऊ. मी लिहिले, "दादा?" तू शेजारी लिहिलेस, "दादा म्हणून प्रेम करायचं? कोल्हापुरात हाणतील." मी सुचवले, "अहो." तू लिहिलेस, "अजून लग्न ठरलेलं नाही, उपसंपादक. घाई तुम्हालाच." मला तू रागातही 'उपसंपादक'च म्हणायचीस. मला वृत्तसंपादक होऊन नऊ वर्षे झाली होती, पण तुझ्या दप्तरी बढतीची नोंद नव्हती.

आणि कधीकधी भांडण व्हायचेच नाही. त्यांच्याकडे प्रेम आहे असे कुणी सांगत नाही, "जेवलास का?" असे विचारतात. पहिल्यांदा ते आले तेव्हा तू पेन खाली ठेवलेस. "हे काय भाषांतर करायचं? हे आपलंच आहे."

तसेच दुसरे एक होते. रोज सकाळी ती बाई नवऱ्याला दारात, आणि तो येईनासा झाल्यावर त्याच्या बुटांना, म्हणते, "दान्योवा." जाऊन ये. हुबेहूब. तू टेबलावर हात आपटलास. "बघ! जाऊन ये! एवढ्या समुद्रापलीकडं बाई तेच म्हणतीय!" पंधरा भागांत ते वाक्य तेवीस वेळा येते. तेवीस वेळा आपण 'जाऊन ये' ठेवले. वाद नाही.

वाद शेवटच्या भागात झाला. ओळ क्रमांक ६४१. तिथे ती नवऱ्याला 'दान्योवा' म्हणत नाही. ती म्हणते, "जाल गा." 'जाल' म्हणजे नीट, 'गा' म्हणजे जा.

तू लिहिलेस : "नीट जा."

मी खोडले.

*

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते, कारण ते मी फार आत्मविश्वासाने म्हणालो होतो. मागच्या शनिवारची सकाळ. "सुजाता, आपल्याकडे जाणाऱ्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत. पाहुण्याला 'या' म्हणतात. आपल्या माणसाला 'ये' म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. ही बाई प्रेमाच्या माणसाला 'जा' म्हणाली तर मराठी वाचकाला ती त्याला हाकलते आहे असं वाटेल. 'ये' कर."

"सोळा भागांत पहिल्यांदा ती 'ये' म्हणत नाही. तीच तर गोष्ट आहे."

"गोष्ट त्यांची असेल. भाषा आपली आहे."

"बरं. बांगडी वाढते, दिवा शांत होतो. माणूस मेला की काय म्हणतात, उपसंपादक?"

मी पेनाला टोपण लावले.

"सांग की. काय म्हणतात?"

"गेला."

"मग जाणाऱ्याला जा म्हणायला तुला काय होतंय?"

मी म्हणालो, मराठी घरात प्रेमाने 'जा' म्हणणारे एक माणूस मला दाखव. तू म्हणालीस, दाखवते. मी म्हणालो, कोण? सूत्र सांग.

"आहे एक. खात्रीलायक."

"नाव?"

"नाव छापायचं नाही या अटीवर बोलतो तो."

"मग एका निनावी सूत्रावर मी बातमी करत नाही."

तू हसलीस. कपाळावर दोन बोटे दाबून हसलीस, हे आता आठवते आहे. पुढची ओळ, ६४२, नवऱ्याची होती. ती मालिकेतली शेवटची ओळ. जाणारा राहणाऱ्याला म्हणतो ते. तू लिहिले होतेस, "नीट राहा." मी म्हणालो, "हे तर मास्तरांचं वाक्य झालं. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला म्हणतात, नीट राहा." तू म्हणालीस, "काही नवऱ्यांना पण म्हणावं लागतं."

रविवारी वाद. सोमवारी वाद. मंगळवारी सकाळी नाश्त्याला पुन्हा. मी म्हणालो, हा माझा शेवटचा शब्द, 'ये'. आणि मी त्या दिवशीचे आमचेच वर्तमानपत्र उघडून त्यातल्या चुकांना लाल वर्तुळे करू लागलो. हे मी रोज करतो. त्या दिवशी मी ते रुसून करत होतो.

आठ वाजून पंधरा मिनिटांनी तू दार उघडलेस. स्कार्फ बांधलेला, हेल्मेट कोपरात अडकवलेले. तू लगेच गेली नाहीस. तू उभी राहिलीस. मी पान उलटले.

तू म्हणालीस, "बोल की."

"काय बोलू?"

"रोज बोलतोस ते."

"मला नाही बोलायचं त्या ओळीवर."

थोडा वेळ गेला. किती, ते मी सांगू शकत नाही. घड्याळाकडे पाहिले नाही. मग तू म्हणालीस, "माझा साक्षीदार फितूर झाला. येतो."

दार लागले.

'येतो' म्हणालीस. रागाचे की खुशीचे, हे मी त्या दिवसापासून ठरवतो आहे. आणि साक्षीदार कोण, हे मला तेव्हा कळले नाही. मला वाटले, वाद अर्धा सोडल्याचा टोमणा आहे. संध्याकाळी बघू, असे मी मनात म्हटले. तुझ्याशी झालेल्या प्रत्येक वादाचे मी हेच करत आलो होतो. दुसऱ्या आवृत्तीत घेऊ.

*

बुधवारी सकाळी समोरच्या दारातल्या इनामदारबाई पिठलं-भात घेऊन आल्या. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. आपल्या नावाच्या पाटीतला दीर्घ ऊकार त्यांनीच दुरुस्त करायला लावला होता. त्या बसल्या नाहीत. सांत्वनही केले नाही. भांडे टेबलावर ठेवले, तुझ्या आईला खुणेने नमस्कार केला आणि जाता जाता म्हणाल्या,

"मोहनराव, मंगळवारी तुमचा आवाज आला नाही."

"कसला आवाज?"

"सकाळचा. सव्वाआठचा. त्यावर मी रक्तदाबाची गोळी घेते. मंगळवारी गोळी राहिली."

मला काही समजले नाही. मी तसे म्हणालो.

"अहो, ती दार उघडते, तुम्ही आतून ओरडता. 'नीट जा.' रोज."

"मी असं म्हणत नाही."

"म्हणता."

"बाई, मी 'नीट जा' असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते मराठीत..."

"ते मराठीत बरोबर आहे," इनामदारबाई म्हणाल्या. "आणि मला ऐकू नीट येतं. तुम्ही पेपरात डोकं घालून म्हणता, त्यामुळे 'नीट' जरा आखूड येतं, इकार ऱ्हस्व. पण म्हणता. ती खाली उतरेपर्यंत मी ग्लासात पाणी ओतते. ती स्कूटर सुरू करते तेव्हा गोळी पोटात गेलेली असते. किती वर्षं झाली."

मी विचारले, "मंगळवारी म्हटलं नाही, याची खात्री आहे तुम्हाला?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. वर्गात चुकलेल्या मुलाकडे पाहावे तसे नव्हे. वेगळे. "स्कूटर सुरू झाली आणि माझा ग्लास रिकामाच होता," त्या म्हणाल्या. "खात्री आहे."

हे एक सूत्र झाले.

तुझ्या आईने हे ऐकले. मला वाटले ती काही म्हणेल. तिने पिठल्याचे भांडे उघडले, भात वाढला आणि ताट माझ्यापुढे सरकवले. "तुम्ही जेवलासा का कालपास्नं?"

मी त्या दिवशी दार उघडझाक करून पाहिले. खुर्चीत बसून, पेपर हातात घेऊन, मी ते म्हणतो का हे पाहत होतो. मला आवाज फुटला नाही. आठवणही आली नाही. वीस-बावीस वर्षे रोज म्हटलेले वाक्य, ज्याचा मला पुरावा हवा होता, ते माझ्या तोंडातून निघत होते आणि मी एकदाही ऐकले नव्हते. तू ऐकत होतीस. तू रोज दारात थांबून ते घेऊन जात होतीस, स्कार्फच्या गाठीसारखे, आणि मला कधीच सांगितले नाहीस. का नाही सांगितलेस? सांगितले असतेस तर मी दुरुस्त केले असते. खरे आहे. मी दुसऱ्याच दिवसापासून 'ये' म्हणायला लागलो असतो.

*

गुरुवारी पार्किंगमध्ये प्राची भेटली. स्कूटरची किल्ली दिली. मग खाली बघत म्हणाली, "सर, सॉरी, मला माहितीय ही वेळ नाहीये. पण शेवटच्या भागाची फाईल उद्या क्लायंटला द्यायचीय. दोन लाइन्सवर मॅमनी लाल खूण ठेवलीय. 'घरी विचारून' असं लिहिलंय. आम्ही कुणीच हात नाही लावला. एक्स्टेन्शन मागू का?"

"कोणत्या ओळी?"

"सहाशे एक्केचाळीस, बेचाळीस."

मी म्हणालो, मुदतवाढ नको. फाईल देतो.

स्कूटर मी सावकाश घरी आणली. येताना मी एकच विचार करत होतो आणि तो तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. आता वाद घालायला तू नाहीस. ओळ माझ्या हातात आहे. 'ये' करता येईल. इनामदारबाईंचे म्हणणे खरे धरले तरी ते रस्त्याने जाणाऱ्या बाईला म्हटलेले वाक्य. मेलेल्या नवऱ्याला निरोप देण्याचे नव्हे. ते वेगळे. आणि मला 'ये' हवे होते. मंगळवारनंतर फार हवे होते. तुझ्या नावाखाली, तुझ्या फाईलमध्ये, एका बाईने आपल्या माणसाला शेवटी 'ये' म्हणावे आणि ते मराठीत कायम राहावे, असे मला वाटत होते. ही भाषेची बाब नव्हती, हे मला गाडी चालवतानाही ठाऊक होते.

शुक्रवारी सकाळी मी घरचा संगणक सुरू केला. तुझी आई शेजारी स्टुलावर येऊन बसली. फाईल उघडण्याआधी मी ते केले जे तू आठ महिने सांगत होतीस. शेवटचा भाग लावला. शेवटची दहा मिनिटे.

सुजाता, मला वाटले होते ती स्मशानात आहे.

मजकुरात स्थळ लिहिलेले नसते. ओळ, वेळ, शब्द, एवढेच. मी धरून चाललो होतो की समुद्र असेल, थडगे असेल, ती हात जोडून उभी असेल आणि मोठ्या आवाजात शेवटचा निरोप देत असेल. तसे काहीच नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पालेभाजी निवडते आहे. सकाळ आहे. दारात नवरा बूट घालतो आहे, रोजच्यासारखा, नाड्या बांधायला वाकलेला. तो तिथे नाही हे आपल्याला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. ती मान वर करत नाही. हातातली काडी मोडते आणि भाजीकडे बघतच म्हणते, "जाल गा." रोजच्या आवाजात. दूधवाल्याशी बोलावे त्या आवाजात. तो उंबऱ्यावर थांबतो. ती वर बघेल म्हणून थांबतो. ती बघत नाही. तो म्हणतो, "जाल इस्सॉ," आणि दार लागते.

मग ती भाजी निवडून संपवते. उठते. बूट उचलते.

आईला कोरियन येत नाही आणि पडद्याखाली अजून शब्द नव्हते. ती म्हणाली, "नीट जा म्हणाली व्हय ती त्याला?"

मी विचारले, "तुम्हाला कसं कळलं?"

"भाजी निवडताना दुसरं काय म्हणतंय माणूस."

मी फाईल उघडली. घरच्या प्रतीत उजवीकडे शेऱ्यांचा रकाना आहे, तोच, ज्यात आपण आठ महिने भांडलो. कार्यालयाच्या प्रतीत तो नसतो. ६४१ पुढे माझा शनिवारचा शेरा होता : "अमराठी. 'ये' करावे. सूत्र?" त्याखाली तुझा. संगणकाच्या नोंदीप्रमाणे तू तो सोमवारी रात्री नऊ पस्तीसला लिहिलास; मी तेव्हा कार्यालयात होतो. तो मी जसाच्या तसा देतो आहे :

"सूत्र : आमचं दार, रोज सकाळी सव्वाआठ. पेपरातून मान वर न काढता. हिच्यासारखंच. सूत्राला स्वतःला माहीत नाही. उद्या दारात साक्ष काढतो आणि मग दाखवतो. नाव छापू नये."

'काढतो.' 'दाखवतो.' खुशीत होतीस.

हे दुसरे सूत्र.

म्हणजे मंगळवारी आठ पंधराला तू दारात उभी होतीस ती याच्यासाठी. मी मान वर न काढता दोन शब्द म्हणायचे होते, आणि तू टाळी वाजवून म्हणणार होतीस, सापडला. मी रुसलो होतो. इतक्या वर्षांत एकच सकाळ मी बोललो नाही, आणि ती तू निवडलेली होती. तू ती वाट पाहून, हसून किंवा न हसून, सोडून दिलीस. 'येतो' म्हणालीस. कोल्हापूरच्या बायका म्हटल्याप्रमाणे येतात, असे तू मला पंचवीस वर्षांपूर्वी सांगितले होतेस. ते मी तेव्हा तपासायला हवे होते.

तुझे आभार कसे मानावेत हे मला माहीत नाही. मला वाटायचे मी तुझी भाषा सुधारतो. तू माझ्या तोंडचे वाक्य उचलून समुद्रापलीकडच्या एका बाईच्या तोंडी ठेवलेस आणि ते तिथे शोभले. माझ्या हातून आजवर छापून आलेल्या मजकुरात इतके बरोबर बसलेले वाक्य दुसरे नाही, आणि ते मी लिहिलेलेही नाही.

जे म्हणायचे राहिले ते दोन शब्दांचे आहे. ते आता दारात म्हणून उपयोग नाही. आज सकाळी सव्वाआठला मी ते म्हटले. दार बंद होते. पलीकडे ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज आला की नाही, मला ऐकू आले नाही.

६४२ पुढच्या रकान्यात माझा शेरा होता : "मास्तरी. बदलावे." त्याखाली तुझा, दोन शब्दांचा : "बदलू नये."

फाईल शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी प्राचीला पाठवली. अकरा पंचविसाला ती मिळाल्याचे तिने कळवले. ओळ ६४१ : नीट जा. ओळ ६४२ : नीट राहा. दोन्ही ओळींत बदल केलेला नाही.